पॉलिमर आवरणाचा युरिया आणि कॅप्सूलमधील कीटकनाशके कोठे कामाची आहेत

आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे एका विक्रेत्याने पॉलिमर आवरणाच्या युरियाचा प्रस्ताव आणला आहे. पेरणीबरोबर एकदाच खत द्या, ते हंगामभर पुरेल आणि नत्राची मात्रा एक तृतीयांशाने कमी करता येईल, असे त्याचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे, नावापुढे ‘सीएस’ (म्हणजे सूक्ष्म कॅप्सूलमधील औषध) असे लिहिलेली कीटकनाशके आणि तणनाशके याच तत्त्वावर चालतात का, आणि या आवरणांचे प्लास्टिक आपल्या काळ्या जमिनीत साचत जाईल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. प्रयोगशाळेत दाण्यांवर आवरणे चढवण्यापासून ती प्रत्यक्ष शेतात तपासण्यापर्यंतचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्यावरून सांगतो, की पॉलिमर कोणते हा प्रश्न नंतरचा आहे. आपला पदार्थ कोणत्या वाटेने, किती वेगाने वाया जातो आणि पिकाला तो केव्हा हवा असतो, हे आधी ठरवावे लागते. या दोन वेगांमध्ये मोठी तफावत असेल तरच आवरणाला किंमत आहे.

हे एका साध्या हिशेबाने पटेल. समजा, एखाद्या कीटकनाशकाची जमिनीत किमान 1 एकक एवढी पातळी 60 दिवस टिकली पाहिजे आणि त्याचा अर्धायुकाल 15 दिवसांचा आहे, म्हणजे दर 15 दिवसांनी ते निम्मे होते. सगळे एकदम टाकायचे झाले तर 60 दिवसांच्या शेवटी 1 एकक उरण्यासाठी सुरुवातीला 16 एकके टाकावी लागतात. त्यांतील बहुतेक भाग पहिल्या महिन्यातच नष्ट होतो किंवा जिथे जायला नको तिथे जातो. याउलट, सुरुवातीला 1 एकक उपलब्ध करून नंतर रोज जेवढे नष्ट होईल तेवढेच, म्हणजे रोज सुमारे 4.6 टक्के, आवरणातून सुटत राहिले, तर एकूण 3.8 एककांत काम भागते. आता अर्धायुकाल 60 दिवसांचा धरा. एकदम टाकले तर 2 एकके लागतात आणि नियंत्रितपणे सोडले तर 1.7 एकके. एवढ्या बचतीसाठी आवरणाचा खर्च परवडत नाही. पहिल्या उदाहरणातही सुटण्याचा वेग नेमका साधला तरच हा फायदा मिळतो. वेग गरजेपेक्षा कमी पडला तर पातळी किमानाच्या खाली जाते आणि टाकलेले सगळेच निरुपयोगी ठरते.

नत्राच्या बाबतीत वाया जाण्याच्या वाटा तीन आहेत. युरिया जमिनीवर फोकून दिला की युरिएज या विकरामुळे आपल्या उष्ण जमिनीत काही दिवसांतच त्याचे अमोनियम कार्बोनेट होते, आणि चुनखडीयुक्त, 8 च्या आसपास सामू असलेल्या काळ्या जमिनीच्या पृष्ठभागावरून त्याचा अमोनिया हवेत उडतो. जो अमोनियम जमिनीत राहतो त्याचे जिवाणू नायट्रेट करतात. हलक्या जमिनीत ते निचऱ्याबरोबर खाली जाते, तर भारी जमिनीत पावसाने पाणी साचून राहिले की त्याचे नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू होऊन ते निघून जाते. 2015 पासून देशातील युरिया संपूर्णपणे निंबोळी तेलाचे लेपन करून विकला जातो. ते लेपन मुख्यतः नायट्रेट होण्याचा वेग कमी करते. युरिया विरघळणे ते थांबवत नाही, त्यामुळे अमोनिया उडण्याच्या पहिल्या वाटेवर त्याचा विशेष उपयोग होत नाही. पॉलिमरचे आवरण मात्र युरियाला पाण्यात उतरण्यापासूनच रोखते, म्हणून तत्त्वतः तिन्ही वाटांवर त्याचा परिणाम होतो. विक्रेत्याच्या म्हणण्यातला एवढा भाग खरा आहे.

आवरणाच्या आत काय घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे. जमिनीतील पाणी वाफेच्या रूपात पॉलिमरच्या थरातून आत शिरते आणि दाण्याच्या पृष्ठभागावर द्रवरूप होऊन थोडा युरिया विरघळवते. आतील द्रावण संतृप्त असल्यामुळे आणखी पाणी आत ओढले जाते आणि आतला दाब वाढतो. येथून दोन शक्यता असतात. आवरण ठिसूळ असेल तर ते तडकते आणि सगळा युरिया एकदम बाहेर पडतो. गंधकाच्या आवरणाच्या बाबतीत बहुधा असेच होते. आवरण लवचीक असेल तर ते ताण सहन करते आणि युरियाचे रेणू त्यातून हळूहळू झिरपतात. अशा दाण्यातून नत्र सुटण्याचे तीन टप्पे दिसतात: सुरुवातीचा थांबलेला काळ, नंतर आत घन युरिया शिल्लक असेपर्यंत जवळजवळ स्थिर वेग, आणि घन भाग संपून आतील द्रावण पातळ होऊ लागले की मंदावत जाणारे शेपूट. शेवटच्या टप्प्यातील नत्र पिकाच्या हाती बहुधा लागत नाही, आणि जाहिरातीतील आलेखांत हा टप्पा सहसा छापलेला नसतो.

गंधकाचे आवरण अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने 1960 च्या दशकात विकसित केले. त्याच दशकाच्या अखेरीस तेथे अल्किड रेझिनचे आवरण बाजारात आले. जपानमध्ये पॉलिएथिलीन आणि एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट यांचे मिश्रण वापरले गेले, कारण या दोहोंचे प्रमाण बदलून थराची पाण्याला वाट देण्याची क्षमता हवी तशी कमी-जास्त करता येते. पुढे पॉलियुरेथेनचा थर दाण्यावरच रासायनिक अभिक्रियेने तयार करण्याची पद्धत आली. त्यात आवरणाचे वजन दाण्याच्या साधारण 3 टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. 3 मिलिमीटर व्यासाच्या दाण्यावर 3 टक्के आवरण म्हणजे सुमारे 18 मायक्रॉन जाडीचा थर होतो. तेवढ्याच टक्केवारीचे आवरण दीड मिलिमीटरच्या बारीक दाण्यावर चढवले तर थर केवळ 9 मायक्रॉनचा राहतो, शिवाय वजनाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट होतो. आपल्याकडील पुष्कळसा युरिया बारीक दाण्याचा असतो. त्यावर पातळ आवरण चढवून ‘90 दिवस चालेल’ असे कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडे पुरावा मागितलाच पाहिजे.

90 दिवस हा आकडा कोणत्या तापमानाचा, हेही विचारा. या दाण्यांतून नत्र सुटण्याचा वेग जमिनीच्या सामूवर किंवा जिवाणूंवर फारसा अवलंबून नसतो. तो प्रामुख्याने तापमानावर ठरतो आणि दर 10 अंशांच्या वाढीला ढोबळमानाने दुप्पट होतो. युरोपीय मानकात चाचणी 25 अंश सेल्सिअसला करतात. 24 तासांत 15 टक्क्यांहून अधिक, 28 दिवसांत 75 टक्क्यांहून अधिक सुटू नये आणि जाहीर केलेल्या मुदतीत किमान 75 टक्के सुटावे, अशा त्यातील अटी आहेत. काही उत्पादनांची मुदत तर 21 अंशांवर सांगितलेली असते. आपल्याकडे खरिपात जमिनीचे तापमान 30 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे 25 अंशांवरचे 90 दिवस येथे सुमारे 64 दिवसच भरतात. कापसाची पेरणी जूनच्या मध्याला झाली तर असे खत ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात संपत आलेले असते, आणि नेमकी तेव्हाच बोंडे धरण्याच्या अवस्थेत पिकाची मागणी मोठी असते. म्हणून एकदाच द्यायचे ठरवले, तर मुदत आपल्या तापमानानुसार निवडावी लागेल आणि सुरुवातीच्या गरजेसाठी साधा युरियाही थोडा मिसळावा लागेल.

आता पैशांचे बोलू. 45 किलोच्या गोणीला 266.50 रुपये हा अनुदानित दर धरला, तर तीत 20.7 किलो नत्र असल्यामुळे एक किलो नत्र सुमारे 13 रुपयांना पडते. कापसाला हेक्टरी 120 किलो नत्र देताना आवरणामुळे 30 किलो वाचले, तरी बचत 390 रुपयांच्या आसपासच होते. आवरणाचा खर्च यातून भरून निघणे शक्य नाही. नत्राचे प्रदूषण कमी होणे हा देशाचा आणि भूजलाचा मोठा लाभ आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आस्था आहे, पण त्याचे पैसे आज शेतकऱ्याच्या हाती येत नाहीत. त्यामुळे आपल्या सभासदांसाठी हिशेब दोनच बाजूंनी जमू शकतो: उत्पादनात खरोखर वाढ झाली तर, किंवा खताचा एखादा हप्ता देण्याची मजुरी वाचली तर. सततच्या पावसात वापसा येत नाही आणि दुसरा हप्ता तीन आठवडे लांबतो, ही भारी जमिनीतील कापसाची नेहमीची अडचण आहे. तेथे आवरणाचे खत कामाला येऊ शकते. त्याच संदर्भात ‘युरिया गोल्ड’ या नावाने आलेल्या गंधक-आवरणाच्या युरियाकडेही पाहावे. त्यात 37 टक्के नत्र व 17 टक्के गंधक असते. त्याची 40 किलोची गोणी साध्या युरियाच्याच दरात जाहीर झाली, पण तीत नत्र 14.8 किलोच आहे. गंधकाची कमतरता असलेल्या जमिनीत सोयाबीन आणि इतर तेलबियांचा विचार करता तो गंधक मोलाचा आहे. मात्र त्याला पॉलिमर आवरणाइतका नियंत्रित समजू नये.

उसाचे गणित वेगळे आहे. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे आणि मोठी बांधणी झाल्यानंतर सरीत शिरून खत देणे कठीण होते. त्यामुळे लांब मुदतीचे आवरण येथे आकर्षक वाटते. परंतु ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी यात पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिबकातून आठवड्याला थोडे थोडे नत्र देता येत असेल, तर सुटण्याचा वेग आपल्याच हातात असतो आणि पीक पाहून तो बदलताही येतो. एकदा पेरलेल्या दाण्याचा वेग कोणालाच बदलता येत नाही. रोपवाटिकेतील कुंड्या आणि पिशव्या, कोकोपीटमधील रोपे, फुलझाडे यांच्यासाठी मात्र मी हे खत निःशंकपणे सुचवतो. तेथे रोज पाणी घातल्याने नत्र धुऊन जाते, मुळांजवळ क्षार वाढले तर रोप लगेच करपते आणि एका रोपाच्या किमतीत खताचा खर्च सहज सामावतो.

कोकणातील भातासाठी पॉलिमरशिवायचा एक चांगला पर्याय फार पूर्वीच सिद्ध झाला आहे. चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. चिखलाच्या त्या थरात प्राणवायू नसल्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही आणि नत्र मुळांजवळ टिकून राहते. आवरणाने जे साधायचे ते येथे खोलीने साधते, आणि मागे काहीही उरत नाही. आपल्याकडे भात नसला तरी यातील तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. युरिया फोकून न देता पाभरीने किंवा खत पेरणी यंत्राने मातीआड केला, तरी अमोनियाचे नुकसान पुष्कळ कमी होते. हे न करता महाग दाणा विकत घेणे मला पटत नाही.

कीटकनाशकांच्या ‘सीएस’ म्हणजे कॅप्सूल सस्पेन्शन या प्रकारात तत्त्व तेच असते, पण माप फार लहान असते. पाण्यात न विरघळणारे औषध आयसोसायनेटबरोबर तेलरूपात घेऊन त्याचे काही मायक्रॉनचे थेंब पाण्यात विखुरतात आणि पाण्यात अमाइन घालतात. थेंबाच्या सीमेवर दोघांची गाठ पडताच तेथे पॉलियुरियाची भिंत तयार होते. पेंडिमेथॅलिन 38.7 टक्के सीएस आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन 4.9 टक्के सीएस ही आपल्या बाजारातील परिचित उदाहरणे आहेत. पेंडिमेथॅलिनची वाफ होते आणि उन्हात ते विघटित होते, म्हणून त्याला आवरणाचा खरा लाभ मिळतो. शिवाय कॅप्सूलमधील औषध पिवळे डागही कमी पाडते. मात्र उगवणीपूर्व तणनाशकाची भिंत जाड असून चालत नाही, कारण तणाचे बी उशिरा सुटणाऱ्या औषधाची वाट पाहत थांबत नाही. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडमुळे फवारणी करणाऱ्याच्या कातडीला होणारी आग आणि मुंग्या येणे आवरणामुळे कमी होते, आणि माझ्या दृष्टीने हा लाभ किडीच्या नियंत्रणाइतकाच महत्त्वाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर प्रत्येक विषारी औषध कॅप्सूलमध्ये का घालत नाहीत, असे मला अनेकांनी विचारले. मोनोक्रोटोफॉससारखे औषध पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे पाण्यात तेलाचे थेंब करून त्यांवर भिंत उभारण्याची ही पद्धत त्याला लागूच पडत नाही. तेथे उत्तर औषध बदलणे हेच आहे.

कॅप्सूलमुळे नवे धोकेही येतात. अमेरिकेत 1970 च्या दशकात मिथाइल पॅराथिऑन कॅप्सूलमध्ये आले. माणसाच्या कातडीला ते तुलनेने सुरक्षित होते, पण त्या कॅप्सूल परागकणांच्याच मापाच्या असल्याने मधमाश्यांनी त्या परागाबरोबर पोळ्यात नेल्या आणि वसाहतींचे मोठे नुकसान झाले. फुलोऱ्यातील पिकावर सीएस प्रकार फवारताना ही गोष्ट डोळ्यांसमोर असू द्यावी. दुसरे असे, की द्रावक असलेल्या ईसी (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट) प्रकारच्या औषधात सीएस मिसळू नये, कारण द्रावक भिंत फुगवतो आणि आतील औषध अवेळी बाहेर ओढतो. तिसरे, एकाच औषधाच्या ईसी आणि सीएस प्रकारांचा काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ एकच धरू नये. ज्या प्रकाराची बाटली हातात आहे, त्याच्याच लेबलवर त्या पिकासाठी दिलेला काळ पाळावा. निर्यातीची द्राक्षे किंवा भाजीपाला करणाऱ्या सभासदांना हे आवर्जून सांगावे.

पॉलिमरचा सर्वांत निर्दोष उपयोग मला गंधरसायनांत, म्हणजे किडीच्या मादीच्या वासाने नराला आकर्षित करणाऱ्या रसायनांत, दिसतो. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यातील रबरी ल्यूर किंवा नर-मादीचे मीलन रोखण्यासाठी झाडांना बांधायची पॉलिएथिलीनची नळी यांतून गॉसीप्लूर हे या किडीचे गंधरसायन अगदी थोड्या प्रमाणात आठवडेच्या आठवडे हवेत सुटत राहते. आवरणाशिवाय ते लगेच उडून गेले असते. पिकावर किंवा मातीत काहीही पडत नाही, आणि वापरलेली नळी गोळा करून परत आणता येते. अमेरिकेने 2018 मध्ये गुलाबी बोंडअळीचे आपल्या कापूस पट्ट्यातून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या मोहिमेत बीटी कापूस व वंध्य पतंग यांच्या जोडीला या गंधरसायनांचाही वाटा होता. मात्र एकट्यादुकट्या एकरावर मीलन रोखण्याचा प्रयोग करू नये, कारण बाहेर मीलन झालेल्या माद्या आत येतात. आपल्या कंपनीने सलग शिवार घेतले तरच तो साधेल.

आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. हेक्टरी 120 किलो नत्र आवरणाच्या युरियातून दिले तर सुमारे 260 किलो दाण्याबरोबर 8 किलो पॉलिमर जमिनीत जाते. आडसाली उसाच्या मात्रेत ते 26 किलोंच्या आसपास पोहोचते. पॉलिएथिलीन किंवा साधे पॉलियुरेथेन जमिनीत विघटित व्हायला फार काळ लागतो, त्यामुळे दरवर्षीची भर साचतच जाते. जपानमधील भातखाचरांतून अशी रिकामी टरफले पाण्यावर तरंगत नद्यांत आणि समुद्रात जात असल्याचे दिसल्यावर तेथील खत क्षेत्रातील संस्थांनी 2030 पर्यंत प्लास्टिक आवरणावरील अवलंबन संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले. युरोपीय संघाच्या 2019 च्या खत नियमावलीने अशा पॉलिमरसाठी जैवविघटनाची अट घातली: खताचे काम संपल्यानंतर 48 महिन्यांत त्यातील किमान 90 टक्के सेंद्रिय कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. स्टार्च, लिग्निन, कायटोसान, अल्जिनेट यांची आवरणे सहज विघटित होतात, परंतु ती पाणी शोषून फुगतात आणि युरियासारखा अतिविद्राव्य पदार्थ फार दिवस धरून ठेवू शकत नाहीत. वनस्पती तेलापासून केलेली पॉलियुरेथेन आवरणे त्याहून चांगली टिकतात; तथापि कच्चा माल वनस्पतीचा आहे एवढ्यावरून ती जमिनीत विघटित होतील असे गृहीत धरता येत नाही. ‘जैव-आधारित’ असे पोत्यावर लिहिलेले असेल तर विघटनाच्या चाचणीचा अहवाल स्वतंत्रपणे मागा. तो मिळत नसेल तर शेतातील नियमित पिकासाठी असे खत दरवर्षी घेऊ नका, असाच माझा सल्ला राहील.

प्रस्तावावर निर्णय घेण्यापूर्वी दोन तपासण्या आपण स्वतः करू शकता. पहिली पाण्याची. 20 ग्रॅम दाणे 180 ग्रॅम पाण्यात झाकून ठेवा आणि पाणी हलक्या हाताने ढवळून द्राक्ष बागायतदारांकडे असतो तो ब्रिक्स (रसातील साखरेची टक्केवारी) मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर वापरून रोज वाचन घ्या. युरिया विद्युतभारित कण देत नसल्यामुळे विद्युतवाहकता मोजणारा ईसी मीटर येथे काहीच दाखवणार नाही, पण युरियाच्या द्रावणाचे ब्रिक्स वाचन त्याच्या टक्केवारीच्या जवळपास येते. सगळा युरिया विरघळला तर वाचन 10 च्या थोडे खाली दिसेल. 24 तासांतच ते दीडच्या पुढे गेले तर आवरण सदोष आहे. हीच चाचणी पेरणी यंत्रातून पडलेल्या दाण्यांवरही करा, कारण यंत्राच्या घर्षणाने पातळ आवरण खरवडले जाते आणि गोणीतील नमुना चांगला असूनही मातीत पडलेला दाणा उघडा असू शकतो.

दुसरी तपासणी शेतावरची. विक्रेते बहुधा आपल्या कमी मात्रेच्या प्लॉटची तुलना शेतकऱ्याच्या पूर्ण, किंबहुना जादा मात्रेशी करतात, आणि उत्पादन सारखे आले की श्रेय आवरणाला देतात. जमिनीत मुळातच पुरेसे नत्र असेल तर साधा युरिया कमी केला तरीही उत्पादन तेवढेच येते. म्हणून एकाच शेतात पाच प्लॉट घ्या: नत्राविना, शिफारशीएवढा निंबोळी युरिया हप्त्यांत, त्याच्या दोन तृतीयांश निंबोळी युरिया हप्त्यांत, पूर्ण मात्रेचे आवरणाचे खत एकदाच, आणि दोन तृतीयांश मात्रेचे आवरणाचे खत एकदाच. किमान तीन सभासदांच्या शेतांवर हीच मांडणी करा, स्फुरद आणि पालाश सर्वत्र सारखे द्या, आणि उत्पादनाबरोबर प्रत्येक हप्त्याला लागलेली मजुरीही लिहून ठेवा. तिसऱ्या आणि पाचव्या प्लॉटमधील फरक हा आवरणाचा खरा परिणाम असेल. पुढील हंगामाची खरेदी या फरकाच्या बाजारभावाने केलेल्या हिशेबावरच ठरवा, आणि प्रयोगासाठी लागणारे खतही त्याचा तपशील खत (नियंत्रण) आदेश, 1985 मधील मानकांशी ताडून पाहिल्यावरच घ्या.